प्रकल्प नोंदी: वयस्क दाता घोडी आणि भ्रूण प्रत्यारोपण

३ फेब्रुवारी २०२५

आजपासून या प्रकल्पाची नोंदवही सुरू करीत आहे. आमच्या पागेतील कुमैत (तांबूस-तपकिरी अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी आता १८ वर्षांची झाली असून गेल्या दोन हंगामांत ती दोनदा गाभण राहिली आणि दोन्ही वेळा गाभ टिकला नाही, एकदा चाळिसाव्या दिवसाच्या आसपास आणि एकदा तिसऱ्या महिन्यात. तिच्या गर्भाशयाच्या आतील आवरणाचा तुकडा तपासणीसाठी पाठवला होता. केनी आणि डॉइग यांच्या प्रतवारीत तो तिसऱ्या श्रेणीत बसला. याचा अर्थ असा की, ग्रंथींभोवती तंतुमय जाळे इतके दाट झाले आहे की अशा घोडीने पूर्ण दिवस भरून जिवंत शिंगरू देण्याची शक्यता शेकडा दहाहूनही कमी धरतात. माज मात्र तिला वेळेवर येतो आणि स्त्रीबीजही सुटते. जे संपले आहे ते गर्भ वाहून नेण्याचे बळ. बीज अजून संपलेले नाही.

तीन वाटा समोर होत्या. पहिली म्हणजे गर्भ टिकवणारी संप्रेरके देऊन तिलाच पुन्हा गाभण ठेवून पाहणे. तपासणीचा अहवाल पाहिल्यावर ती मी सोडून दिली, कारण तिला आणखी एका गर्भपातातून नेण्याला माझे मन तयार नाही. दुसरी वाट भ्रूण प्रत्यारोपणाची: तिला, म्हणजे दाता घोडीला, कृत्रिम रेतन करायचे, सातव्या-आठव्या दिवशी गर्भाशय धुऊन भ्रूण काढायचा (याला फ्लशिंग म्हणतात) आणि तो दुसऱ्या निरोगी, म्हणजे वाहक, घोडीच्या गर्भाशयात ठेवायचा. तिसरी वाट म्हणजे बीजांडकोशातून अपरिपक्व बीजे सुईने ओढून प्रयोगशाळेत एकेका बीजात एकेक शुक्राणू टोचणे, ज्याला इक्सी म्हणतात. पैदाशीच्या ज्या घोड्याची निवड केली आहे त्याचे थंड केलेले वीर्य चांगले येते आणि घोडीचे चक्र नियमित आहे, म्हणून दुसरी वाट आधी चालायची आणि तिसरी हाताशी ठेवायची असे ठरले.

हे ठरवण्यापूर्वी वंशनोंदणीचे नियम वाचले आणि प्रत्येक पैदासकाराने ते आधीच वाचावेत असे मला कळकळीने वाटते. शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या नोंदवहीत केवळ नैसर्गिक संयोगातून जन्मलेले शिंगरू घेतात. तेथे प्रत्यारोपण तर सोडाच, कृत्रिम रेतनालाही जागा नाही. अमेरिकन क्वार्टर हॉर्सच्या संघटनेने २००२ साली एका घोडीची एका वर्षातील एकाहून अधिक शिंगरे नोंदवण्यास मान्यता दिली. आमच्या घोडीच्या जातीच्या संघटनेला प्रत्यारोपण मान्य आहे; तिची लेखी परवानगी आली आहे, आणि दाता घोडी व घोडा या दोघांचे डीएनए नमुने नोंदलेले आहेत.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून दाता घोडी आणि वाहक म्हणून पाहून ठेवलेल्या घोड्या रोज सोळा तास उजेडात आहेत. घोडीचे प्रजननचक्र लांब दिवसांनी जागे होते आणि उजेडाचा परिणाम दिसायला साधारण साठ ते सत्तर दिवस लागतात. कुमैत घोडीच्या अंगावरील हिवाळी केस आता हाताला लागून येऊ लागले आहेत.

१९ फेब्रुवारी २०२५

वाहक घोड्यांची निवड आज पुरी झाली. आठ पाहिल्या, तीन ठेवल्या. रंगावरूनच त्यांना तांबडी, पांढरी आणि काळी असे म्हणत आहोत. तिघी पाच ते नऊ वर्षांच्या आहेत, प्रत्येकीने किमान एक शिंगरू स्वतः वाढवले आहे, कास निकोप आहे आणि खोड्यात शांत उभ्या राहतात. संसर्गजन्य रक्तक्षय आणि संसर्गजन्य गर्भाशयदाह यांच्या चाचण्या निर्दोष आल्या आहेत. घोड्याच्या बाजूने विषाणूजन्य धमनीदाहाचा दाखला मागवून घेतला.

अंगापिंडाने तिघी दाता घोडीएवढ्या किंवा तिच्याहून किंचित मोठ्या आहेत, आणि ही अट मी मुद्दाम घातली. वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात अवजड शायर आणि ठेंगणे शेटलंड यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला होता. शायर मातेच्या पोटी जन्मलेली संकरित शिंगरे शेटलंड मातेच्या शिंगरांपेक्षा जन्मतः जवळपास तिप्पट वजनाची भरली. पिता-मातेचे रक्त दोन्हीकडे सारखेच होते, फरक फक्त उदराचा होता. घोडीची वार गर्भाशयाच्या जवळजवळ सगळ्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून पोषण ओढते, त्यामुळे जागा जेवढी, तेवढे पोषण. वाहक घोडीकडे भाड्याची खोली म्हणून पाहणारे लोक मला भेटले आहेत. पण अकरा महिन्यांचे पोषण, पहिला चीक, सहा महिन्यांचे दूध आणि माणसाजवळ उभे राहण्याची सवय हे सारे शिंगराला तिच्याकडूनच मिळते. दाता घोडीइतकाच विचार तिच्या निवडीवर खर्च केला पाहिजे.

काळीचे चक्र अजून पुरते सुरू झालेले नाही. एका दात्यामागे दोन तरी चालू चक्रातील वाहक हव्यात, म्हणून तिसरी राखीव.

१२ मार्च २०२५

पहिले चक्र. दाता घोडीला चालू चक्र मोडून माज लवकर आणणारे प्रोस्टाग्लँडिन दिले होते आणि वाहकांना त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिले, म्हणजे वाहकांचे बीज दात्याच्या थोडे मागून सुटावे. १० तारखेला सकाळी ८ वाजता सोनोग्राफीत डाव्या बीजांडकोशावर ३८ मिमीचे फॉलिकल, म्हणजे बीज असलेली द्रवाची पुटकुळी, दिसले. गर्भाशयाच्या आवरणाला माजाची सूज होती, आडव्या छेदात संत्र्याच्या फोडींसारखी दिसते तशी. त्याच वेळी डेस्लोरेलिन टोचले. हे औषध योग्य वेळी दिले तर बीज साधारण ३६ ते ४२ तासांत सुटते. ११ तारखेला सकाळी ८ वाजता ५ अंश सेल्सियसवर आलेल्या थंड वीर्याने रेतन केले. वयस्क घोडीचे गर्भाशय रेतनानंतरचा द्रव लवकर बाहेर टाकू शकत नाही, म्हणून सहा तासांनी ते धुतले आणि गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिन दिले.

आज संध्याकाळी ७ वाजता फॉलिकल गेलेले दिसले. दिवस शून्य, म्हणजे बीज सुटल्याचा दिवस: १२ मार्च. पांढरीचे बीज उद्या आणि तांबडीचे परवा सुटेल असा अंदाज आहे.

२० मार्च २०२५

पहिले फ्लशिंग रिकामे गेले.

सकाळी १० वाजता घोडीला खोड्यात घेतले, शेपूट बांधली, बाहेरचे अंग तीन वेळा धुतले आणि गर्भाशयमुखातून फुगा असलेली नळी आत सरकवली. फुगा फुगवून मुख बंद केले की द्रव फक्त नळीतूनच आत-बाहेर होतो. तीन वेळा एकेक लिटर कोमट द्रव सोडला, प्रत्येक वेळी गुदद्वारातून हात घालून गर्भाशयाची दोन्ही शिंगे हलक्या हाताने चोळली, आणि परतलेला द्रव ७५ मायक्रॉन जाळीच्या गाळणीतून घेतला. तीन लिटरपैकी पावणेतीन लिटर परत आला. पहिल्या लिटरला गढूळपणा होता, तो मला तेव्हाच खटकला. गाळणीतील शिल्लक द्रव चौकटी आखलेल्या बशीत ओतून दोघांनी आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला; पेशींचे पुंजके आणि श्लेष्म्याचे धागे होते, भ्रूण नव्हता.

फलित न झालेले बीजही मिळाले नाही, पण त्यावरून काही निष्कर्ष काढता येत नाही. घोडीत अफलित बीज सहसा बीजवाहिनीतच अडकून राहते. भ्रूण मात्र स्वतः प्रोस्टाग्लँडिन ई२ स्रवतो, त्यामुळे बीजवाहिनीचा स्नायू सैल पडतो आणि सहाव्या-साडेसहाव्या दिवशी त्याला गर्भाशयात वाट मिळते. निसर्गाची ही निवड मला प्रत्येक वेळी विलक्षण वाटते. गाय तशी निवड करीत नाही. तिच्या फ्लशिंगमध्ये अफलित बीजेही सापडतात.

घोडीला प्रोस्टाग्लँडिन दिले. रिकाम्या फ्लशिंगनंतरही ते द्यावे, कारण नजरेतून सुटलेला भ्रूण आत राहिला तर नको ती गर्भधारणा सुरू होते. द्रवाचा नमुना जंतुपरीक्षेला गेला.

२४ मार्च २०२५

अहवाल आला: स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस हा जंतू. पुढच्या माजात चार दिवस गर्भाशय धुणे आणि संवेदनशीलता चाचणीत लागू पडलेले प्रतिजैविक. त्या माजात रेतन करायचे नाही.

परंतु एका गोष्टीबद्दल मी स्वतःला दोष देतो आणि तो येथे स्पष्ट लिहून ठेवतो. ११ तारखेच्या सकाळी ८ नंतर पुढची तपासणी थेट १२ तारखेच्या संध्याकाळी ७ वाजता झाली, म्हणजे मध्ये ३५ तास गेले. बीज त्या ३५ तासांत केव्हाही सुटलेले असू शकते, तरी मी वहीत ठामपणे "१२ मार्च" असे लिहिले. औषधाच्या वेळेवरून पाहता ते ११ तारखेच्या रात्रीच सुटले असावे. भ्रूण मिळाला असता तर मी त्याचे वय चुकीचे धरून वाहक घोडी निवडली असती. आता फ्लशिंग रिकामे जाण्याचे कारण संसर्ग होता, की बीज बराच उशिरा सुटल्यामुळे वीर्याचा जोर ओसरला होता, हे सांगण्याचा आधार माझ्याच नोंदीने माझ्याकडून काढून घेतला आहे.

म्हणून वहीतला रकाना बदलला. "बीज सुटल्याची तारीख" हा रकाना काढून त्याजागी दोन रकाने आखले: "फॉलिकल शेवटचे दिसले" आणि "फॉलिकल प्रथम दिसले नाही", दोन्हीकडे तास-मिनिटांसह. बीज सुटताना कोणी पाहत नाही. आपण फक्त दोन तपासण्यांमधील फट पाहतो, आणि ती फट जेवढी आहे तेवढीच लिहावी. गोठवलेल्या वीर्याला तर याहून कडक शिस्त लागते. ते वितळल्यावर फार काळ टिकत नाही, म्हणून दर सहा तासांनी तपासणी करून बीज सुटल्यानंतर सहा तासांच्या आत रेतन करण्याची पद्धत आहे.

१५ एप्रिल २०२५

उपचारानंतरचा नमुना निर्जंतुक आला. मधले चक्र सोडून दिले होते. १३ तारखेला रात्री ८ वाजता डेस्लोरेलिन, १४ तारखेला संध्याकाळी ६ वाजता रेतन. आज सकाळी ६ वाजता फॉलिकल ४१ मिमी, मऊ पडलेले आणि टोकदार झालेले. संध्याकाळी ६ वाजता ते नव्हते. फट बारा तासांची. रात्री ८ वाजता धुतल्यावर आत द्रव राहिला नाही.

मोतद्दाराने आज स्वतःहून सांगितले की घोडी दुपारी दोननंतर नराच्या हाकेला कान देईनाशी झाली. हे सोनोग्राफीच्या तोडीचे प्रमाण नाही, तरी रोज तिच्याजवळ असणाऱ्या माणसाने पाहिलेले आहे, म्हणून शेवटच्या रकान्यात लिहून घेतले.

२३ एप्रिल २०२५

आठवा दिवस. सातव्याऐवजी आठवा निवडला, कारण वयस्क घोडीचा भ्रूण गर्भाशयात थोडा उशिरा उतरू शकतो आणि वाढीतही मागे असतो. नववा निवडला नाही; तोपर्यंत भ्रूण साधारण दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि मोठा भ्रूण हाताळताना दुखावण्याची भीती असते.

या वेळी द्रव पहिल्या लिटरपासून नितळ आला. गाळणीत बोटभर द्रव कायम राहील याची जबाबदारी एका माणसाकडेच दिली होती, कारण जाळी कोरडी पडली तर सगळी मेहनत तिथेच वाया जाते. बशीच्या तिसऱ्या ओळीत आधी हवेचा बुडबुडा दिसला, आणि त्याच्या शेजारी, बुडबुड्यासारखाच गोल पण कडेला काळी रेघ नसलेला, भ्रूण होता. व्यास ५६० मायक्रॉन. बशी कलती धरल्यावर तो नुसत्या डोळ्यांनाही मिठाच्या बारीक कणाएवढा दिसला. मोठ्या भिंगाखाली बाहेरचे पातळ, चकाकणारे कवच, आत एकसारख्या पेशींचा थर आणि एका बाजूला पेशींचा किंचित गडद पुंजका, ज्यातून शिंगरू घडायचे. प्रत पहिली. १८ वर्षांच्या घोडीच्या आठ दिवसांच्या भ्रूणाला हे माप थोडे लहान आहे, पण आकार निर्दोष आहे. आम्ही तिघे काही वेळ काही न बोलता आळीपाळीने पाहत राहिलो.

कवचाबद्दल थोडे लिहितो. घोड्याच्या भ्रूणाभोवती साडेसहाव्या दिवसाच्या सुमारास हे ग्लायकोप्रथिनांचे कवच तयार होते आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत राहते. त्याच्यामुळे भ्रूण गोल राहतो आणि पुढे गर्भाशयभर फिरू शकतो. मात्र ते प्लास्टिकला चिकटते, म्हणून भ्रूण उचलताना माध्यमात प्रथिन किंवा तसाच निसरडेपणा देणारा घटक असावा लागतो आणि नळीत ओढण्यापूर्वी ती माध्यमाने ओली करून घ्यावी लागते. स्वच्छ माध्यमाच्या एकापाठोपाठ एक थेंबांतून भ्रूण धुऊन घेतला आणि अर्ध्या मिलीच्या नळीत भरला: माध्यम, हवा, भ्रूण असलेले माध्यम, हवा, पुन्हा माध्यम.

आता वाहक. वहीप्रमाणे तांबडीचे बीज १६ तारखेला सुटले, म्हणजे तिचा आज सातवा दिवस. पांढरीचे १८ तारखेला, म्हणजे पाचवा. काळीचे १३ तारखेला, दात्याच्या दोन दिवस आधी, म्हणून ती बाद. वाहक घोडीचे बीज दात्याच्या एक दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत सुटलेले चालते, कारण थोड्या मागे असलेल्या गर्भाशयाला भ्रूण सांभाळून घेता येतो, पुढे गेलेले गर्भाशय मात्र त्याला वेळ देत नाही. कागदावर तांबडी जास्त जवळची होती आणि मी तिचेच नाव फळ्यावर लिहून ठेवले होते.

डॉक्टरांनी दोघींनाही पुन्हा तपासण्याचा आग्रह धरला, आणि मला स्वतःला हात घालून फरक समजून घ्यायला लावले. तांबडीचे गर्भाशय हाताखाली सैल होते, बोटांनी उचलले तर ओल्या कापडासारखे खाली पडत होते. सोनोग्राफीत पोकळीत द्रवाची पातळ रेघ होती. पांढरीचे गर्भाशय ताणलेल्या रबरी नळीसारखे गोल आणि भरीव लागले, गर्भाशयमुख अरुंद व घट्ट होते, बीजांडकोशावर पीतपिंड (बीज सुटल्या जागी बनणारी, प्रोजेस्टेरॉन स्रवणारी गाठ) ठसठशीत होता आणि आवरणाला सूज मुळीच नव्हती. दिवसांचे गणित तांबडीच्या बाजूचे होते, पण गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा अंमल पांढरीच्या गर्भाशयावर होता. फळ्यावरचे नाव पुसले.

प्रत्यारोपण विल्शर आणि ॲलन यांच्या पद्धतीने केले, जी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. योनिदर्शक लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहायचे, खास चिमट्याने त्याची कड धरून मागे ओढून मार्ग सरळ करायचा आणि निर्जंतुक आवरणातून नेलेली प्रत्यारोपण नळी आत सरकवायची. मुखातून बोट आत घालावे लागत नाही, त्यामुळे घाण आत जाण्याचा आणि मुख चोळले जाण्याचा धोका कमी होतो. फ्लशिंग सुरू केल्यापासून भ्रूण पांढरीच्या पोटात जाईपर्यंत ७० मिनिटे लागली. जपानमधील ओगुरी आणि त्सुत्सुमी यांनी १९७४ मध्ये शस्त्रक्रियेवाचूनचे प्रत्यारोपण प्रसिद्ध केले, त्या मार्गावर आम्ही आज एक पाऊल टाकले.

दाता घोडीला आणि तांबडीला प्रोस्टाग्लँडिन दिले. तांबडीवर द्रवासाठी उपचार सुरू.

२९ एप्रिल २०२५

भ्रूणाच्या वयाचा चौदावा दिवस. पांढरीच्या गर्भाशयाच्या उजव्या शिंगात १५ मिमीचा काळा गोल बुडबुडा, म्हणजे गर्भाची पिशवी, वरच्या व खालच्या कडेला पांढरी चमकती रेघ. दहा मिनिटांनी पुन्हा प्रोब लावला तेव्हा तो गर्भाशयाच्या मध्यभागी आला होता. सोळाव्या दिवसापर्यंत तो असाच फिरतो, आणि या फिरण्यातूनच घोडीला आपण गाभण असल्याचा निरोप पोचतो. त्याचे फिरणे अडले तर पीतपिंड विरघळतो.

१ मे २०२५

पिशवी उजव्या शिंगाच्या बुडाशी स्थिरावली. दाता घोडीला आज रेतन केले; तिच्या उजव्या बीजांडकोशावर ३६ आणि ३४ मिमीची दोन फॉलिकले आहेत.

११ मे २०२५

काल पंचविसाव्या दिवशी पांढरीच्या पोटातील भ्रूणाचे हृदय स्पंदताना दिसले. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एक लुकलुक. मोतद्दाराने ती पाहिली आणि पांढरीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

दाता घोडीची दोन्ही बीजे ३ तारखेला, सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ यांच्या दरम्यान सुटली. आजच्या फ्लशिंगमध्ये एकच भ्रूण मिळाला, ४२० मायक्रॉन, प्रत दुसरी, दोन-तीन पेशी बाहेर निसटलेल्या. तांबडीचा आज सातवा दिवस. नमुना स्वच्छ, गर्भाशय घट्ट. तो तिच्यात ठेवला.

येथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून लिहितो. गाईला संप्रेरके देऊन एका वेळी अनेक बीजे सोडायला लावतात, तसे घोडीचे का करीत नाहीत? घोडीचा बीजांडकोश उलट्या रचनेचा आहे. बीजे धारण करणारा भाग आत असतो आणि बीज फक्त एका खोबणीतूनच बाहेर पडू शकते. गाईला लागू पडणाऱ्या गर्भवती घोडीच्या रक्तातील संप्रेरकाला घोडी स्वतः फारसा प्रतिसाद देत नाही. शुद्ध केलेल्या पुटकप्रेरक (फॉलिकल वाढवणाऱ्या) संप्रेरकाने काही घोड्यांत दोन-तीन बीजे सुटतात, पण खात्रीचा उपाय म्हणून त्यावर विसंबता येत नाही. म्हणून घोडीच्या प्रत्यारोपणात एका चक्राला एकच भ्रूण धरून चालावे, आणि चांगल्या प्रजननक्षम घोडीतही साधारण दर दुसऱ्या फ्लशिंगलाच तो मिळतो.

२८ मे २०२५

तांबडीचा गर्भ गेला. १७ तारखेला पिशवी दिसली होती, पण चौदाव्या दिवसाच्या मानाने ती फक्त ९ मिमीची होती. २३ तारखेला आत भ्रूण दिसला नाही. आज पिशवीही नाही. दुसऱ्या प्रतीचा भ्रूण आणि वयस्क दात्याचे बीज या दोन्ही गोष्टी आधीपासून विरुद्ध होत्या. तांबडीचा यात दोष दिसत नाही. हे स्पष्ट लिहितो, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी वहीत फक्त "गर्भ टिकला नाही" एवढे वाचून तिला काढून टाकेल.

गर्भ एवढ्या लवकर गेला हे त्यातल्या त्यात बरे. ३५-३६व्या दिवसानंतर गर्भाच्या पेशी गर्भाशयाच्या आवरणात रुजून कपासारख्या ग्रंथी तयार करतात. त्यानंतर गर्भ गेला तरी त्या ग्रंथी संप्रेरक स्रवत राहतात आणि घोडी बहुतेक त्या हंगामात पुन्हा नीट माजावर येत नाही. पांढरीने तो टप्पा २१ तारखेला गर्भ सुखरूप ठेवून ओलांडला.

६ जून २०२५

दाता घोडीचे पुढे काय करायचे यावर आज डॉक्टर आणि भ्रूणतज्ज्ञ यांच्याबरोबर दोन तास बसलो. फ्लशिंग तीन, भ्रूण दोन, चालू गर्भ एक. तिच्या वयाला हा पडता आकडा नाही. तरी प्रत्येक फ्लशिंगने तिच्या गर्भाशयाला त्रास होतो, आणि संसर्ग परत येण्याची शक्यता राहते.

इक्सीमध्ये तिच्या गर्भाशयाचा संबंधच येत नाही. योनीतून सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली सुई बीजांडकोशात नेऊन लहान-मोठ्या सर्व फॉलिकलांतून बीजे ओढतात, त्यामुळे फॉलिकल मोठे होण्याची आणि बीज सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. बीजे साधारण खोलीच्या तापमानाला रात्रभर टिकतात, म्हणून ती दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. तेथे ती सुमारे एक दिवस परिपक्व करतात, मग कंपनाने भोक पाडणाऱ्या सूक्ष्म सुईने प्रत्येक बीजात एक शुक्राणू सोडतात आणि सात ते दहा दिवस वाढवतात. तयार भ्रूण लहान असतो, म्हणून तो गोठवणे सहज जमते आणि वाहक घोडी तयार होईपर्यंत थांबता येते. गर्भाशयातून काढलेला ३०० मायक्रॉनहून मोठा भ्रूण गोठवायचा तर आधी त्याला सूक्ष्म छिद्र पाडून आतला द्रव काढावा लागतो, ते काम वेगळ्या कौशल्याचे आहे. दुर्मीळ किंवा मेलेल्या घोड्याच्या मोजक्या रेतमात्रा शिल्लक असतील तरीही इक्सी उपयोगी, कारण तिला फार थोडे शुक्राणू पुरतात. धोकाही आहे: सुई बीजांडकोशात जाते, रक्तस्राव किंवा संसर्ग होऊ शकतो, आणि घोडीला गुंगी द्यावी लागते.

इक्सीतून पहिले शिंगरू १९९६ साली झाले. साधी परीक्षानलिका पद्धत मात्र घोड्यांत अनेक दशके अडून होती. फ्रान्समध्ये १९९०च्या सुमारास जन्मलेल्या दोन शिंगरांनंतर ती पुन्हा खात्रीने जमेना, कारण घोड्याचा शुक्राणू बशीत बीजात शिरण्याच्या अवस्थेला पोचत नव्हता. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी शुक्राणू सुमारे २२ तास विशिष्ट माध्यमात ठेवून ती अडचण दूर केली आणि त्या पद्धतीने शिंगरे जन्माला आली. क्लोनिंगचाही विषय निघाला. इटलीत २००३ मध्ये जन्मलेली प्रोमेटिया ही पहिली क्लोन घोडी. तो मार्ग मी नाकारला. मला या घोडीचा वंश पुढे न्यायचा आहे, तिचीच दुसरी प्रत नको.

निर्णय: आणखी एक फ्लशिंग नाही. शरद ऋतूत एकदा बीजे ओढायची, तेव्हा वाहकांची घाई नसेल, आणि भ्रूण झाले तर गोठवून ठेवायचे.

१४ जून २०२५

पांढरी, साठावा दिवस. गर्भ हालचाल करतो, पाण्याची पिशवी स्वच्छ. तिला कळपात, तिच्या ओळखीच्या दोन घोड्यांबरोबरच ठेवले आहे. वाहक घोडीला या काळात नव्या कळपात सोडून तिची बरोबरी इतरांशी लावणे मी टाळतो. ३४० दिवस धरून विण्याची तारीख २१ मार्च २०२६.

१० फेब्रुवारी २०२६

पांढरीला आज लसी दिल्या. विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी त्या द्याव्या लागतात, म्हणजे चिकात प्रतिपिंडे उतरतात. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत; शिंगरू जवळजवळ रित्या हातांनी जन्मते आणि पहिल्या काही तासांतील चिकावरच अवलंबून असते. तो चीक पांढरीचा असणार, म्हणून लसही पांढरीलाच हवी. ज्या जागेत ती विणार त्याच जागेत तिला आजपासून आणले, तेथील जंतूंची ओळख तिच्या अंगाला व्हावी म्हणून.

१८ मार्च २०२६

३३७वा दिवस. परवापासून सडांवर मेणासारखे थेंब होते. रात्री २ वाजून ४० मिनिटांनी पांढरीने शिंगरू दिले. मादी, कुमैत, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा. पाणी फुटल्यापासून १८ मिनिटे. पन्नास मिनिटांत उभी राहिली, दीड तासात कासेला लागली. वार ४ वाजता पडली, अखंड, पसरून पाहिली आणि वजन केले.

१९ मार्च २०२६

चोवीस तासांनी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी केली. डेसीलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे चीक पुरेसा मिळाला. शिंगराच्या मानेवरील मुळासकट वीस केस पाकिटात घातले आणि वंशपडताळणीसाठी पाठवले. पाकिटावर दाता घोडीचा व घोड्याचा नोंदणी क्रमांक लिहिला. वाहक घोडीसाठी संघटनेच्या अर्जात रकाना नव्हता, म्हणून पांढरीचा सूक्ष्मचीप क्रमांक समासात लिहून त्याखाली सही केली.

कुमैत घोडी शेजारच्या ठाणात आहे. शिंगरू फळ्यांजवळ आले की ती मान खाली घालून हुंगते, आणि पांढरी मधे येऊन उभी राहते. फळ्यांची उंची उद्या एक हात वाढवायची आहे.